१,८०० सीडींचा संग्रह संगणकावर उतरवायचा आहे. किती जागा धरावी?

प्रश्न – खर्जातला

नमस्कार. नव्वदच्या दशकापासून जमवलेल्या माझ्या संगीताच्या सीडी आता १,८०० च्या घरात गेल्या आहेत. त्यांपैकी साधारण १,००० हिंदुस्थानी शास्त्रीय गायन-वादनाच्या, ३०० नाट्यसंगीत, भावगीते आणि अभंगांच्या, २८० हिंदी चित्रपटसंगीताच्या आणि १२० पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या आहेत. उरलेल्या १०० मध्ये एमपीथ्री गाण्यांच्या सुमारे ६० सीडी आणि मराठी नाटकांच्या सुमारे ४० व्हीसीडी (व्हिडिओ सीडी) आहेत. शास्त्रीय संगीतातल्या बऱ्याच सीडी पुण्याच्या आणि लंडनच्या लहान कंपन्यांनी काढलेल्या असून त्या आता कुठल्याही दुकानात मिळत नाहीत. किंबहुना ज्या दुकानांत त्या मिळत, ती दुकानेच राहिली नाहीत. काळा घोडा येथील ऱ्हिदम हाउस बंद झाले त्यालाही आता बरीच वर्षे झाली.

हा सारा संग्रह एकदाच, पण नीट, संगणकावर घ्यावा असा विचार आहे. अडचण जागेच्या अंदाजाची आहे. संगणकाच्या दुकानदाराचे म्हणणे असे की एक सीडी ७०० एमबीची असते, त्यामुळे १,८०० सीडींना १,२६० जीबी लागतील आणि २ टीबीची हार्ड डिस्क घ्यावी. माझा पुतण्या म्हणतो की सगळे एमपीथ्री केले तर अडीचशे जीबीत काम होईल. या दोन आकड्यांत पाचपट अंतर आहे आणि दोघेही ठामपणे बोलत आहेत. सीडींबरोबरच्या पुस्तिकाही स्कॅन करून ठेवायची इच्छा आहे, कारण कलाकार, साथीदार, राग आणि ध्वनिमुद्रणाचे वर्ष ही माहिती बहुधा तिथेच असते. हिशेब कोणत्या पायावर करावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद – तबकडीप्रेमी

दुकानदाराने धरलेला ७०० एमबी हा आकडा डेटा सीडीचा आहे, संगीताच्या सीडीचा नाही, त्यामुळे हिशेब तिथून सुरू करू नये. संगीताच्या सीडीवर प्रत्येक वाहिनीचे सेकंदाला ४४,१०० नमुने (ध्वनीच्या क्षणोक्षणीच्या मोजण्या), प्रत्येक नमुना १६ बिटांचा, आणि अशा डावी-उजवी मिळून दोन वाहिन्या असतात; म्हणजे सेकंदाला १४,११,२०० बिट किंवा १,७६,४०० बाइट. मिनिटाला हे १०.६ एमबी आणि तासाला ६३५ एमबी होते. पूर्ण भरलेली ८० मिनिटांची सीडी असेल तर ८४७ एमबी होते, म्हणजे ‘७०० एमबी’च्या तबकडीत त्याहून बरेच जास्त मावते. यात चमत्कार काही नाही. तबकडीवरच्या प्रत्येक सेक्टरमध्ये संगीतासाठी २,३५२ बाइट वापरले जातात, तर डेटा लिहिताना त्यांतले २,०४८ च माहितीसाठी ठेवून उरलेली बहुतेक जागा चूक शोधण्यासाठी आणि दुरुस्त करण्यासाठी राखलेली असते. गाण्यात एखादा नमुना हुकला तर प्लेअर आजूबाजूच्या नमुन्यांवरून तो भरून काढतो. हिशेबाच्या फाइलीत तसे चालत नाही.

म्हणून सीडींची संख्या नव्हे, तर मिनिटे मोजा. जुन्या एलपीवरून काढलेली सीडी बहुधा ४० ते ४५ मिनिटांची असते, कारण एलपीच्या दोन बाजूंत तेवढेच बसत असे. उलट थेट सीडीसाठी ध्वनिमुद्रित झालेला एकच राग ७० मिनिटांच्याही पुढे जातो. दोन्ही खोके बाहेरून सारखेच दिसतात.

दुसरा प्रश्न स्वरूपाचा. तुमच्यासारख्या संग्रहासाठी माझे मत स्पष्ट आहे : फ्लॅक वापरा. यात कॉम्प्रेशन होते, पण एकही बिट गमावला जात नाही. फाइल उलगडली की सीडीवरून वाचलेले नमुने जसेच्या तसे परत मिळतात. फ्लॅक २००१ पासून उपलब्ध आहे, विनामूल्य आहे, आणि आज बहुतेक सर्व प्लेअर आणि फोन ते वाजवतात. ॲपलचीच उपकरणे वापरत असाल तर त्यांचे अलॅक हे स्वरूप घेतले तरी जागेत फारसा फरक पडणार नाही. न दाबलेल्या वेव्ह फाइली ठेवण्यात मात्र काही अर्थ नाही, कारण त्या जवळजवळ दुप्पट जागा खातात आणि राग, ताल, साथीदार अशी माहिती त्यांत धडपणे साठवताही येत नाही.

फ्लॅकमध्ये फाइल किती लहान होईल हे संगीतावर अवलंबून असते, आणि अंदाज फसतो तो याच ठिकाणी. पुढचा नमुना काय असेल याचे भाकीत करायचे आणि भाकीत व प्रत्यक्ष यांतला फरक तेवढा लिहून ठेवायचा, अशी त्याची पद्धत आहे. त्यामुळे शांत आणि मोकळ्या संगीताला जागा कमी लागते, कर्कश आणि गजबजलेल्याला जास्त. ध्वनीची पातळी ६ डेसिबलने खाली असेल तर दर नमुन्यामागे साधारण एक बिट वाचतो, म्हणजे तासाला जवळजवळ ४० एमबी. शास्त्रीय गायनाच्या फाइली माझ्याकडे मूळच्या ४५ ते ५५ टक्क्यांत बसतात. अलीकडच्या चित्रपटगीतांना, विशेषतः आवाज चढवून काढलेल्या रिमिक्स सीडींना, ६५ ते ७५ टक्के लागतात.

सर्वांत मोठी तफावत जुन्या ध्वनिमुद्रणांत दिसते. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांवरून केलेल्या सीडीत दोन्ही वाहिन्या तंतोतंत सारख्या असतील, तर फ्लॅकला त्यांतला फरक शून्य दिसतो आणि दुसरी वाहिनी जवळजवळ फुकटात मिळते. पण त्याच तबकडीची खरखर तशीच ठेवलेली असेल, तर ती खरखर कोणत्याही भाकितात बसत नाही आणि फाइल फुगते. शिवाय मोनो ध्वनिमुद्रण स्टीरिओ यंत्रावरून उतरवले असेल, तर दोन वाहिन्यांतली खरखर वेगवेगळी असते आणि मोनोचा फायदा बराचसा निघून जातो. म्हणून ‘जुने म्हणजे लहान’ असे सरसकट धरू नका.

प्रतिसाद – सरासरीवाला

वरचा प्रतिसाद योग्य आहे. त्यात एक भर घालतो. टक्के दुसऱ्याच्या संग्रहावरून घेण्याची गरज नाही. तुमच्याच कपाटातून थोडा नमुना काढला, तर अंदाज आणि त्या अंदाजाची अनिश्चितता दोन्ही मिळतात.

नमुना निवडताना आवडत्या सीडी उचलू नयेत, कारण आवडत्या सीडी बहुधा एकाच जातीच्या असतात. कपाटाच्या एका टोकापासून सुरुवात करून दर चाळिसावी सीडी काढावी, म्हणजे प्रत्येक गटातून त्याच्या आकाराच्या प्रमाणात सीडी आपोआप येतात. पाश्चात्त्य संगीताचा गट लहान असल्यामुळे तिथून दोन-चार जास्त घ्याव्यात. एवढ्याच सीडी प्रत्यक्ष रिप करून, म्हणजे संगणकावर उतरवून, त्यांच्या फ्लॅक फोल्डरांचे आकार एका तक्त्यात लिहावेत.

समजा, अशा ४० सीडींची सरासरी ३१० एमबी आली आणि प्रमाणित विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत, त्याचे माप) ९५ एमबी आले. ९५ ला ४० च्या वर्गमुळाने, म्हणजे ६.३ ने, भागले की १५ येतात. त्याची दुप्पट ३० एमबी. म्हणजे खरी सरासरी २८० ते ३४० एमबींच्या दरम्यान असण्याची शक्यता सुमारे ९५ टक्के आहे, आणि एमपीथ्री व व्हीसीडी वगळून उरणाऱ्या १,७०० सीडींसाठी अंदाज ५२७ जीबी, अधिक-उणे ५१ जीबी, असा येतो. नमुना चौपट केला तर ही मर्यादा फक्त निम्मी होईल, तेव्हा इतके श्रम घेण्यात हशील नाही.

मुळात किती अचूकता हवी, हेही पाहावे. हार्ड डिस्क ६१३ जीबीची मिळत नाही; ती १, २ किंवा ४ टीबीची मिळते. तुमचा अंदाज ५२७ असो की ५७८, डिस्क तीच राहते. अंदाज एखाद्या पायरीच्या अगदी जवळ आला, तरच अधिक बारकाईने मोजण्याला अर्थ आहे. आणि कमाल मर्यादा तर काहीही न मोजता सांगता येते : १,७०० सीडी काठोकाठ ८० मिनिटांच्या असल्या आणि कॉम्प्रेशन अजिबात झाले नाही, तरी १,४४० जीबींच्या पुढे आकडा जाऊ शकत नाही. दुकानदाराची २ टीबी डिस्क चुकीच्या हिशेबातून आली असली, तरी ती कमी पडणार नाही, हे मान्य करावे लागेल.

प्रतिसाद – वाशीचा श्रोता

मी थोडे वेगळे मत मांडतो. ३२० केबीपीएसची (सेकंदाला ३२० किलोबिटांची) एमपीथ्री तासाला १४४ एमबी घेते. घरातल्या साध्या स्पीकरवर किंवा गाडीत ऐकताना मूळ सीडी आणि ही फाइल यांतला फरक ओळखू शकणारे फार थोडे लोक असतात, आणि साठीनंतर वरच्या कंप्रता आपल्याला तशाही कमीच ऐकू येतात. मग चौपट नाही, पण दुपटीहून अधिक जागा कशासाठी अडवायची? पुतण्याचा सल्ला मला अव्यवहार्य वाटत नाही.

प्रतिसाद – तबकडीप्रेमी

ऐकू येणाऱ्या फरकाबद्दल मी वाद घालणार नाही. त्या मुद्द्यावर आपण बहुधा बरोबर आहात. माझे कारण निराळे आहे. एमपीथ्रीमध्ये टाकून दिलेला भाग परत आणता येत नाही, आणि आणखी दहा वर्षांनी दुसऱ्या स्वरूपात न्यायचे ठरले, तर आधीच कातरलेल्या ध्वनीला पुन्हा कात्री लागेल. फ्लॅकवरून हवी ती लहान आवृत्ती केव्हाही करता येते. उलटा प्रवास होत नाही. प्रत्येक सीडी ड्राइव्हमध्ये घालणे, माहिती तपासणे आणि नावे दुरुस्त करणे हे श्रम दोन्ही पर्यायांत सारखेच आहेत, आणि या कामात महाग काय असेल तर ते श्रम. वाचणारे तीनशे जीबी नव्हेत.

शास्त्रीय संगीतापुरता आणखी एक मुद्दा आहे. विलंबित ख्याल आणि द्रुत बंदिश यांना सीडीवर स्वतंत्र ट्रॅक दिलेले असले, तरी मैफल मध्ये थांबलेली नसते. एमपीथ्रीच्या रचनेमुळे फाइलीच्या सुरुवातीला आणि शेवटी किंचित शांतता जोडली जाते, आणि ती काढून टाकण्याची सोय नसलेल्या प्लेअरवर तंबोरा क्षणभर तुटतो. फ्लॅकमध्ये ट्रॅक नमुन्याला नमुना जोडून पुढे जातात.

आपल्या ६० एमपीथ्री सीडींचे मात्र फ्लॅक करू नका. एके काळी पन्नास-शंभर गाणी एकाच तबकडीवर देणाऱ्या अशा सीडी आपल्याकडे भरपूर विकल्या गेल्या. त्या डेटा सीडीच आहेत. त्यांतल्या फाइली आहेत तशा उतरवून घ्याव्यात. फ्लॅक केल्यास आकार तीन-चार पट होईल आणि गुणवत्ता तिळभरही वाढणार नाही. इथे दुकानदाराचा ७०० एमबीचा आकडा लागू पडतो, म्हणजे जास्तीत जास्त ४२ जीबी. व्हीसीडींचेही तसेच, त्यांतले चित्र आणि ध्वनी आधीच एमपेग-१ मध्ये दाबलेले असतात, तेव्हा आणखी काही वाचणार नाही. दर तबकडीला ८०० एमबी धरले तरी ४० तबकड्यांचे ३२ जीबी होतील.

प्रतिसाद – पुस्तिकावाली

आतापर्यंत सगळे ध्वनीबद्दल बोलत आहेत. मूळ प्रश्नातल्या पुस्तिका मागे पडल्या. माझ्या मते जागेचा अंदाज उलथवू शकेल अशी बाब तीच आहे.

पुस्तिकेचे एक पान साधारण १२ बाय १२ सेंटिमीटरचे असते. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० बिंदू) त्याची प्रतिमा सुमारे १,४१७ बाय १,४१७ बिंदूंची होते आणि चांगल्या दर्जाच्या जेपेगमध्ये साधारण १ एमबीत बसते. तीच ६०० डीपीआयला न दाबलेल्या टिफमध्ये ठेवली, तर एका पानाला २४ एमबी लागतात. सरासरी आठ पाने धरून १,७०० सीडींची १३,६०० पाने होतात. पहिल्या पद्धतीने एकूण १४ जीबी लागतील. दुसऱ्या पद्धतीने ३२५ जीबींच्या पुढे, म्हणजे जवळपास सगळ्या शास्त्रीय गायन-वादनाला लागेल तेवढी जागा नुसत्या छायाप्रतींना! अक्षरे बारीक असतात हे खरे, परंतु ३०० डीपीआयला ती व्यवस्थित वाचता येतात. फार सुंदर किंवा फार दुर्मीळ पुस्तिका असेल, तर तेवढीच ६०० ला स्कॅन करावी.

मुखपृष्ठाचे चित्र प्रत्येक गाण्याच्या फाइलीत घालायचे असेल, तर ते लहान करून घालावे. चित्रपटगीतांच्या सीडीत पंधरा-सोळा गाणी असतात, आणि एकच मोठे चित्र सोळा वेळा साठवणे निष्कारण आहे. पूर्ण पुस्तिका सीडीच्या फोल्डरमध्ये एकदाच ठेवावी.

खर्जातला

सर्वांचे मनापासून आभार. सीडी प्लेअरमध्ये तबकडी घातली की एकूण वेळ पडद्यावर दिसतो, त्यामुळे रिप न करता प्रत्येक गटातल्या काही सीडींचे कालावधी लिहून काढले. शास्त्रीय संगीताची सरासरी ६२ मिनिटे, नाट्यसंगीत आणि भावगीतांची ४८, चित्रपटसंगीताची ५६ आणि पाश्चात्त्य संगीताची ६६ आली. यावरून शेवटचा आकडा कसा काढावा? तसेच १ टीबीची डिस्क संगणकाला जोडली की ती ९३१ जीबीच दाखवते, याचाही हिशेबात विचार करावा लागेल का?

प्रतिसाद – सरासरीवाला

आपण दिलेल्या सरासरींवरून शास्त्रीय संगीत १,०३३ तास, मराठी गाणी २४० तास, चित्रपटसंगीत २६१ तास आणि पाश्चात्त्य संगीत १३२ तास होते. एकूण १,६६६ तासांहून किंचित अधिक. तासाला ६३५ एमबी या दराने मूळ ध्वनी १,०५८ जीबींचा आहे. आता प्रत्येक गटाला त्याचे प्रमाण लावू, आणि ते थोडे सढळ हाताने लावू. शास्त्रीय संगीताला ५५ टक्के म्हणजे ३६१ जीबी, मराठी गाण्यांना ५५ टक्के म्हणजे ८४, चित्रपटसंगीताला ७० टक्के म्हणजे ११६ आणि पाश्चात्त्य संगीताला ५० टक्के म्हणजे ४२ जीबी. बेरीज ६०३ जीबी. त्यात एमपीथ्री आणि व्हीसीडींचे ७४ आणि पुस्तिकांचे १४ मिळवले की ६९१ जीबी होतात. पुतण्याने सांगितलेला आकडाही त्याच्या पद्धतीपुरता बरोबर आहे, कारण ३२० केबीपीएसला हेच तास २४० जीबीत बसतात.

९३१ चा अर्थ असा की उत्पादक १ टीबी म्हणजे एकावर बारा शून्ये इतके बाइट मोजतात आणि विंडोज दर पायरीला १,०२४ ने भागते. जागा कुठे गेलेली नसते. मी वर सगळीकडे उत्पादकांच्या पद्धतीने मोजले आहे, त्यामुळे आपले ६९१ जीबी विंडोजमध्ये सुमारे ६४४ दिसतील. फाइलींच्या टोकाशी वाया जाणारी जागा एवढ्या मोठ्या फाइलींच्या बाबतीत नगण्य असते. ती सोडून द्यावी.

तेव्हा १ टीबी पुरते आणि तीनशे जीबी मोकळेही राहतात. तरीही माझा सल्ला दुकानदाराच्याच बाजूने पडतो, फक्त कारण वेगळे : २ टीबीची एक घेण्याऐवजी निदान १ टीबीच्या दोन घ्या. जागेचा कोणताही अंदाज दुसरी प्रत धरल्याशिवाय पुरा होत नाही. दोन्ही डिस्क एकाच घरात न ठेवता एक नातेवाइकांकडे राहिली, तर अधिक बरे.

प्रतिसाद – तबकडीप्रेमी

दुसऱ्या प्रतीबाबत सहमत आहे. फ्लॅकच्या प्रत्येक फाइलीत मूळ ध्वनीवरून काढलेली एमडी५ ही पडताळणीची खूण साठवलेली असते, त्यामुळे प्रत शाबूत आहे का, हे वर्षातून एकदा सगळ्या फाइलींवर फ्लॅकची चाचणी चालवून तपासता येते. एमपीथ्रीत अशी सोय नाही.

विंडोजवर रिप करण्यासाठी एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी वापरावे. ते आपले वाचन इतरांनी त्याच सीडीच्या केलेल्या वाचनाशी ताडून पाहते. परंतु पुण्या-मुंबईच्या लहान कंपन्यांच्या सीडी त्या नोंदींत नसण्याची शक्यता धरून चाला. तशी सीडी दोनदा वाचून दोन्ही वेळचे सीआरसी (वाचलेल्या ध्वनीवरून काढलेले पडताळणीचे) आकडे जुळतात का, ते पाहावे. संग्रहात घरी लिहिलेल्या सीडी-आर असतील, तर सुरुवात त्यांच्यापासून करावी, कारण कारखान्यात छापलेल्या तबकडीपेक्षा त्यांचा रंगथर आधी खराब होतो, आणि दमट हवेत तर विशेषच.

खर्जातला

सीडी-आर थोड्याच आहेत, परंतु त्या खासगी मैफलींच्या असल्यामुळे त्यांनाच आधी हात घालतो. एक शेवटची शंका : प्रवासात ऐकण्यासाठी हा सगळा संग्रह फोनच्या कार्डावर नेता येईल का?

प्रतिसाद – वाशीचा श्रोता

येईल. फ्लॅकवरून १२८ केबीपीएसच्या ओपस (एमपीथ्रीप्रमाणेच काही भाग टाकून लहान केलेल्या) फाइली करून घ्या. तासाला ५८ एमबींपेक्षा थोडे कमी लागतात. आपले १,६६६ तास ९६ जीबीत बसतील आणि १२८ जीबीच्या कार्डात एमपीथ्री सीडींतली निवडक गाणीही मावतील. मूळ फाइलींच्या फोल्डरमध्येच या प्रती ठेवू नका, वेगळे फोल्डर करा, म्हणजे पुढे कधी चुकून दुसरीच फाइल मूळ म्हणून जपली जाणार नाही.